पहिल्या खांद्याचा कायदा

जगातल्या कुठल्याही दोन देशांत युद्ध पेटलं तर ते आमचे धाकटे भावजी थांबवू शकतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. फक्त त्या दोन देशांनी आधी रत्नागिरीला येऊन आमच्या घराची बेल वाजवायला हवी, कारण भावजी निमंत्रणाशिवाय कुठं जात नाहीत, आणि आजवर त्यांना कुठल्या देशानं निमंत्रण दिलेलं नाही. तोवर ते आमच्या मागच्या खोलीत राहतात, सकाळी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कॉलेजात कायदा शिकवायला जातात आणि दुपारी घरी येऊन माझ्या हातची आमटी परक्या देशाच्या राष्ट्रपतींनी मेजवानी दिल्यासारखी आदबीनं खातात. एकदा मी मीठ घालायला साफ विसरले होते. यजमानांनी पहिल्या घासाला ताट सरकवलं. भावजी मात्र शेवटच्या थेंबापर्यंत जेवले आणि म्हणाले, "वहिनी, उत्तम." नंतर मी चव घेतली आणि त्यांना फैलावर घेतलं, तर म्हणतात, "यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात आपण बोलायचं नसतं." स्वतःच्या सख्ख्या भावाच्या घरात हा माणूस इतकी वर्षं परदेशी राजदूत म्हणून राहतो आहे.

हे सगळं त्यांना शिकवलं दिल्लीच्या विद्यापीठानं. आमच्या घरातून त्याआधी शिकायला म्हणून कुणी पनवेलच्या पुढं गेलं नव्हतं. विषय आंतरराष्ट्रीय राजनैतिक कायदा. म्हणजे राजदूतानं परक्या मुलखात कसं राहावं, त्याला कुणी अटक का करू नये, त्याच्या पिशवीत कुणी हात का घालू नये, आणि दोन राजदूत एका दारात आले तर आधी कुणी आत जावं, याचं शास्त्र. सुट्टीत ते गावी गेले की मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यांची तोंडी परीक्षा घ्यायचे. आमचं गाव सावर्ड्याला हायवेवर उतरून बरंच आत. मामंजींचा जन्म तिथं भातशेतीत आणि आंब्याच्या कलमांत गेलेला. वकील म्हणजे जमिनीचं काम करणारा माणूस, एवढीच त्यांची समज.

"बांधावरचा दगड कुनाचा, ते सांगता येतं काय तुला?"

"नाही आबा, तो दिवाणी कायदा झाला."

"येवढ्याशा बांधाचं ठावं नाय, आनि दोन देशांच्या मधलं कसं सांगशील?"

याचं उत्तर माझ्या मते जगात अजून कुणाकडेच नाही.

पदवी चांगली मिळाली, म्हणून भावजी पुढं डॉक्टरेटला बसले. त्यांनी विषय घेतला राजदूतांच्या मानपानाचा, अग्रक्रमाचा. मार्गदर्शक प्राध्यापकांनी त्यांना पहिल्याच भेटीत सावध केलं होतं. "हा विषय मेलेला आहे. पूर्वी युरोपात कुणाची बग्गी पुढं, यावरून राजदूतांची माणसं भर रस्त्यात तलवारी उपसायची. आता तारखेचा नियम झाला. जो आधी रुजू झाला तो आधी. यावरून आता कोण भांडतं?" भावजी नम्रपणे म्हणाले, "सर, आमच्या गावी. दर शिमग्याला." प्राध्यापक खूप हसले म्हणे. पुढं ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेल्या बाईंना व्यापाराचे करार हवे होते, मानपान नको होता. मुदतवाढ संपली, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण राहिलं ते राहिलंच, आणि पुस्तकांच्या पेट्या घेऊन भावजी कोकण रेल्वेनं घरी आले. मग मुलाखती सुरू झाल्या. आपल्याकडे हुशार माणसाला नोकरी नाकारायची रीत फार सभ्य आहे. त्याला बसवून चहा देतात, विषय वेगळा आहे हो तुमचा, असं कौतुक करतात आणि कळवतो म्हणतात. भावजी या सभ्यतेवर खूश होऊन घरी येत. कळवणार कधी, हे विचारणं त्यांना असंस्कृत वाटे.

त्यांची खोली हा आमच्या घरातला स्वतंत्र मुलूख. आत जायला परवानगी लागते, केरसुणीलासुद्धा. एकदा डासांच्या कॉइलची ठिणगी त्यांच्या गादीत शिरली आणि दाराखालून धूर यायला लागला. मी बादली घेऊन दार बडवते आहे, आणि आतून खोकल्यासकट शांत आवाज येतो आहे, "वहिनी, दूतावासाला आग लागली तरी राजदूताच्या संमतीशिवाय बंबवाल्यांनाही आत येता येत नाही. वाणिज्य दूतावासात मात्र आगीच्या वेळी संमती गृहीत धरतात." मी ओरडले, "मग ही खोली कसली आहे ते आधी ठरवा, नाहीतर मी सैन्य घुसवते!" मग कडी निघाली आणि डोळे पुसत भावजी म्हणाले, "वाणिज्य. वाणिज्य समजा." मी बादली गादीवर ओतली, थोडी त्यांच्यावरही ओतली, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

त्यांना कुणालाही सरळ नाही म्हणता येत नाही. वीजबिल भरायचं राहिलं म्हणून यजमान चिडले की भावजी म्हणणार, "नोंद घेतली." मिरकरवाड्याला मासळी आणायला पाठवलं की हमखास कालचे बांगडे घेऊन येणार. मासळीवाली बाई खमकी. भावजींनी बांगड्याचा कल्ला उघडून पाहिला आणि "ताजेपणाबद्दल थोडी चिंता वाटते" असं काहीतरी म्हटलं, तर ती म्हणाली, "भाऊ, घ्यायचा तर घे, नायतर वाट सोड. मागं गिऱ्हाईक उभं हाय." मागं गिऱ्हाईक उभं असल्यामुळे भावजींनी घेतला. लग्नाचंही असंच झालं. मुलीचे वडील विचारायचे, "म्हणजे तुम्हाला फेरफार करून देता येतो का?" नाही. "वारस नोंद?" नाही. "बिनशेती?" नाही. मग ते माझ्याकडे असे बघायचे, जणू मी त्यांना फसवून पोहे खाऊ घातले आहेत. एक मुलगी मात्र भावजींशी गच्चीवर बराच वेळ बोलली, खाली आली आणि हसून म्हणाली, "किती छान बोलतात." तिनं नंतर बंदरातल्या इंजिनिअरशी लग्न केलं. भावजी आहेर घेऊन गेले होते.

कॉलेजात ते तासिका तत्त्वावर आहेत. म्हणजे तास झाला तर माणूस, नाही झाला तर कुणी नाही. त्यांचा विषय ऐच्छिक. मुलं तो घेतात, कारण त्याच वेळी दुसऱ्या वर्गात हजेरी कडक असते. एकदा मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "सर, राजदूताला आपल्या मारुती मंदिरच्या चौकात हेल्मेटशिवाय पोलिसानं अडवलं तर?" बिचाऱ्यानं वर्ग हसवायला विचारलं असेल. भावजी त्या दिवशी घरी उडत आले. जेवताना, चहाला, दुसऱ्या दिवशी दात घासतानासुद्धा तोच प्रश्न. त्याला अटक करता येत नाही, पण इथला कायदा पाळणं हे त्याचं कर्तव्यच आहे, यात सगळी गंमत आहे, वहिनी! मला हसू येत होतं आणि आत कुठंतरी संतापही येत होता. इतक्या वर्षांच्या अभ्यासाला एका टवाळ पोराचा एक प्रश्न मिळतो, आणि त्यावर या माणसाचं पोट भरतं.

आणि मग एकदाचं त्यांना निमंत्रण आलं. कुठल्या देशाकडून नाही, आमच्याच गावाकडून. आमच्या गावात शिमग्याला गावदेवीची पालखी घरोघर फिरते. ती यायची म्हणून मुंबईतली माणसं रजा टाकून येतात, खळी सारवतात, कर्त्या पुरुषाच्या हातून देवीला नारळ देतात. पण देवळातून पालखी उचलताना पहिला खांदा कुणाचा, यावरून वरची वाडी आणि खालची वाडी यांच्यात जुंपली. डोकी फुटली, पोलीस आले, आणि तेव्हापासून शिमगा आला की पालखी देवळाच्या आवारात पोलीस बंदोबस्तात बसून राहायची. घरी कुणाच्याच येत नसे. तेवढ्यात मामंजींना अर्धांगाचा झटका आला. तरुणपणी पालखी नाचवण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. आता उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. रत्नागिरीला यायला तयार नाहीत. एक बाई ठेवली होती, शिवाय आम्ही दर शनिवारी जायचो. ते प्रत्येक वेळी तेवढंच म्हणायचे, "पालखी येकदा खळ्यात येऊ दे. मंग मी जायाला मोकळा." डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढच्या शिमग्यानंतरचं काही सांगता येत नाही.

गावातल्या जाणत्या माणसांनी गळ घातली तशी भावजींनी हा तंटा मिटवायचं काम अंगावर घेतलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कामात पाहिलं. दोन्ही वाड्यांत जायचे, पण बसायला कुणाचीच खुर्ची घ्यायचे नाहीत. कुणाच्या खुर्चीत बसलो असं व्हायला नको, म्हणून स्वतःची प्लास्टिकची घडीची खुर्ची काखेत मारून डोंगर चढायचे. वर चहा घेतला की खाली येऊन चहा घ्यायचाच, पित्त उसळलं तरी. वरचे खालच्यांना काय शिव्या देतात ते ते खाली जाऊन "थोडी नाराजी आहे" असं सांगायचे, खालचे काय म्हणतात ते वर जाऊन "त्यांनाही वाटतं" असं सांगायचे. गावातली पोरं मागून फिदीफिदी हसायची. पण हळूहळू माणसं नरमली. माघात देवळात बैठक ठरली. कुणी पुढं, कुणी मागं होऊ नये म्हणून भावजींनी सगळ्यांना गोल बसवलं आणि दोन्ही वाड्यांना दोन दारांनी एकाच वेळी आत घेतलं. गावकीत बायकांनी बसायचं नसतं, म्हणून मी पायरीवर चपलांच्या शेजारी बसून ऐकत होते. वरच्या वाडीचा मानकरी म्हणाला, "धाकट्या भाऊंनी सांगावं. आमी मानू." खालचाही म्हणाला, "आमी पन मानू." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, दिल्लीच्या त्या प्राध्यापकांनी आज इथं असायला हवं होतं.

तिथं भावजींनी उरलेलं शेवटचं प्रकरण लिहून टाकायला घेतलं. म्हणाले, जगानं यावर एकच न्याय्य नियम शोधला आहे, जो आधी आला त्याचा मान आधी. तेव्हा गावात आधी कोण आलं, एवढंच ठरवू. आमच्या गावात कुणाच्या विहिरीला पाणी किती, कुणाची सून का नांदत नाही, काहीही विचारा, पण आधी कोण आलं हे विचारायचं नसतं. प्रत्येक घराजवळ आपली एक गोष्ट आहे आणि दुसऱ्याच्या गोष्टीला कुणी हात लावत नाही, म्हणून गाव चाललं आहे. भावजी शांतपणे गुरवाकडे वळले. "गाऱ्हाणं घालताना ज्यानं रान तोडून गाव वसवलं, त्याचं नाव पहिलं घेता ना? ते कुणाच्या घरातलं?"

गुरवानं मान खाली घातली. उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं, जन्मल्यापासून दर वर्षी हात जोडून ऐकलेलं. तो मूळपुरुष वरच्यांचा नव्हता आणि खालच्यांचाही नव्हता. तो पऱ्यापलीकडच्या, ओढ्याच्या त्या काठावरच्या चार घरांचा. ती माणसं पालखीपुढं ढोल वाजवतात, पण पालखीला त्यांचा हात लागत नाही. पालखी त्यांच्या दारात जायला ओढ्याचं ते हातभर पाणी कधी ओलांडत नाही. आणि आमचे भावजी, घडीच्या खुर्चीवर ताठ बसून, स्वच्छ आवाजात म्हणाले, "मग पहिला खांदा त्यांचा."

पुढं जे झालं ते इतकं झटपट झालं की कुठल्याही आंतरराष्ट्रीय परिषदेला हेवा वाटावा. जी भांडणं पोलिसांना आणि तहसीलदारांना मिटवता आली नव्हती, ती चहा यायच्या आत मिटली. एक वर्ष वरच्यांचा खांदा, एक वर्ष खालच्यांचा. दोन्ही मानकरी गळ्यात गळा घालून बाहेर पडले. भावजींकडे कुणी पाहिलं नाही. चार दिवसांनी एक चुलत दीर सांगायला आला, "पालखी यंदा फिरनार, पन तुमच्याकडं थांबायची नाय."

"कारण?" यजमान गरजले.

"कारन नाय सांगितलं."

भावजी म्हणाले, "दादा, नियमाला धरून आहे. नको असलेल्या दूताला परत पाठवताना कारण द्यावं लागत नाही." असा संताप आला मला! गावाचा, त्या कायद्याचा, आणि त्याहून जास्त या माणसाच्या समजूतदारपणाचा. तिकडे मामंजी बाईकडून खळं सारवून घेत होते.

गावानं वाट ठेवली होती. देवळात यायचं, नारळ ठेवायचा, चुकलो म्हणायचं. मी म्हटलं, भावजी, जन्मभर दुसरं काय केलंत? वाक्य बनवा एक. त्यांनी बनवलंही, मोठं सुरेख, ज्यात खेद होता, गैरसमज होता आणि चूक कुठंच नव्हती. मानकऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते कागदावरचं नको. चुकलो म्हना." भावजींनी देवीकडे पाहिलं. मग वाकून नारळ ठेवला आणि म्हणाले, "चुकलो."

पालखी आली. वाकडे झालेले मामंजी खळ्यात खुर्चीवर नवी टोपी घालून बसले होते. पालखी पुढ्यात नाचायला लागली तसा त्यांचा डावा खांदा आपोआप उचलायला लागला, आणि ओठाच्या कडेनं हसू, लाळ, आसवं सगळं एकदम वाहायला लागलं. मी पदरानं पुसत होते. मध्येच ते थबकले. कान देऊन ऐकलं.

"ढोल आपला नाय," ते म्हणाले. "कुनाचा ह्यो?"

मी पुन्हा पदर त्यांच्या ओठांना लावला. ढोल एकसारखे पिवळे टी-शर्ट घातलेल्या, चिपळूणहून भाड्यानं आणलेल्या पथकाचा होता. पऱ्यापलीकडच्यांना यंदा बोलावलंच नव्हतं. त्यांनी काही मागितलं नव्हतं, बैठकीला ते आलेही नव्हते. मामंजींनी पुन्हा मान डोलवायला सुरुवात केली आणि सुखानं म्हणाले, "येवढं शिकला, ते आज कामाला आलं. धाकटा कुठं हाय? नारळ त्याच्या हातनं द्या." धाकटा खळ्यात नव्हता, घरात नव्हता, परसातही नव्हता.

नारळ यजमानांनी दिला. मी पऱ्या ओलांडून गेले. पहिल्याच घराच्या अंगणात भावजी उभे होते, पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हात जोडलेले. समोर म्हातारा पायरीवर बसून टोपलीसाठी बांबूच्या काड्या सोलत होता. त्याचा ढोल मागं ओटीवर आडवा ठेवलेला.

"माझ्यामुळे तुमचा ढोल गेला," भावजी म्हणाले. "चुकलो मी."

म्हाताऱ्यानं हातातली काडी सोलून पुरी केली. मग वर पाहिलं. "देवळात पन तुमी तेच बोललात म्हनं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पाहिलं, भावजींना यावर कुठलं कलम आठवलं नाही. पलीकडून पथकाचे ढोल दणाणत होते. दोन्ही वेळचा शब्द एकच होता, आणि त्यातला कुठला खरा हे म्हाताऱ्यानं कसं ओळखावं? भावजींची मान हळूहळू खाली गेली, आणि दिल्लीहून पेट्या घेऊन आले तेव्हाही न रडलेला तो माणूस त्या अंगणात रडायला लागला.

म्हाताऱ्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग आत वळून त्यानं सुनेला हाक मारली आणि तांब्याभर पाणी आणवलं. "पानी प्या नि जावा," तो म्हणाला. "आबा वाट बघत असतील." बसा मात्र म्हणाला नाही.

भावजी पाणी प्यायले, मीही प्यायले. तांब्या खाली ठेवून ते तिथंच उभे राहिले, निघायचं असतं हे विसरल्यासारखे. शेवटी मी त्यांचा हात धरला आणि त्यांना घरी घेऊन आले.